‘गाजर’ का जेवत नव्हता: कॉर्न स्नेकच्या एका पिल्लाचं प्रकरण

तक्रार एका ओळीची होती: “ताई, साप जेवत नाही, काय खायला घालू?”

विचारणारे गृहस्थ मूळचे सांगलीकडचे, आता शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतात. घरात नवरा-बायको, अकरा वर्षांचा मुलगा, तीन वर्षांची मुलगी आणि सहा महिन्यांसाठी आलेली आजी. ऑक्टोबरअखेर मुलाच्या वाढदिवसाला त्यांनी रेप्टाइल एक्स्पोमधून, म्हणजे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विक्री-प्रदर्शनातून, कॉर्न स्नेकचं पिल्लू आणलं. अ‍ॅमेलॅनिस्टिक रंगप्रकाराचं, म्हणजे अंगात काळं रंगद्रव्य नसलेलं. केशरी पाठ, त्यावर लालसर ठिपके आणि डोळेही लाल. मुलाने नाव ठेवलं ‘गाजर’. आणलं तेव्हा वजन ९ ग्रॅम. डिसेंबरच्या मध्यावर मला निरोप आला तेव्हा त्याने जवळजवळ महिनाभर काहीही पोटात ठेवलेलं नव्हतं.

साप निवडण्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. अमेरिकेच्या आग्नेय भागातला हा बिनविषारी साप पाइनची रानं, शेतं, धान्याची कोठारं अशा ठिकाणी उंदरांवर जगतो. मोठा झाला की ३ ते ५ फूट भरतो, स्वभावाने शांत असतो आणि नीट ठेवला तर १५-२० वर्षं सहज काढतो. नवशिक्याला हाच साप सुचवतात ते उगीच नाही. मात्र शिकागोच्या रानात तो आढळत नाही. तिथला हिवाळा त्याच्या अंगवळणी पडलेला नाही, आणि या प्रकरणात पुढे जे घडलं त्यातलं निम्मं या हिवाळ्यामुळेच घडलं.

आधीची हकिगत फोनवरच विचारून घेतली. विकणाऱ्याने दिलेल्या कार्डावर लिहिलं होतं की पिल्लू गोठवून वितळवलेली पिंकी खातं. पिंकी म्हणजे अंगावर केस न आलेलं उंदराचं नवजात पिल्लू. घरी आल्यावर आठवडाभराने गाजरने पहिली पिंकी निमूट गिळली. दुसऱ्या वेळी बाबांना पिंकी “फारच बारकी” वाटली, म्हणून त्यांनी एक पायरी वरची फझी दिली. अंगावर लव आलेली, चार ग्रॅमची. नऊ ग्रॅमच्या सापाला! तीही त्याने गिळली, पण तिसऱ्या दिवशी अर्धवट पचलेली बाहेर टाकली. उपाशी राहील म्हणून चार दिवसांनी पुन्हा पिंकी दिली. त्याने तोंड लावलं नाही.

त्यानंतर सुरू झाले प्रयोग. पिंकीला ट्यूनाचं पाणी लावून झालं, चिकनचं पाणी लावून झालं. जिवंत पिंकी आणून ठेवली. जेवणासाठी वेगळा डबा केला. टँकमधल्या, म्हणजे त्याच्या काचेच्या घरातल्या, वस्तूंची जागा दोनदा बदलली. या सगळ्यात मुलगा रोज शाळेतून आला की गाजरला हातात घेऊन सोफ्यावर बसायचा. कुणीतरी सांगितलं होतं की हिवाळ्यात साप जेवण सोडतातच, काळजी करू नका. ते खरं आहे, पण मोठ्या सापांच्या बाबतीत, विशेषतः विणीच्या हंगामातल्या नरांच्या. चार-पाच महिन्यांच्या पिल्लाच्या अंगात तेवढी शिल्लक नसते.

एवढं ऐकल्यावर मी अन्नाबद्दल काहीच सांगितलं नाही. मी प्रत्यक्ष येऊन बघेपर्यंत टँकला हात लावू नका, खायला काही देऊ नका, पाणी तेवढं बदला, असं सांगितलं. काय खायला घालू हे नव्या पाळणाऱ्याच्या तोंडी हमखास येतं, पण जेवण सोडलेल्या पिल्लाचं उत्तर बहुतेक वेळा उंदरात सापडत नाही. ते टँकमध्ये शोधावं लागतं. आणि त्यासाठी टँक जसा आहे तसाच बघायला मिळायला हवा.

टँक दिवाणखान्यात, बाहेरच्या भिंतीला लागून, खिडकीखाली होता. ४० गॅलनचा, काचेचा, वर जाळीचं झाकण. झाकणाला क्लिपा नव्हत्या, वजन म्हणून एक जाडजूड पुस्तक ठेवलेलं. आत अ‍ॅस्पेनचा लाकडी भुसा, तोही जेमतेम इंचभर. लपायला एकच अर्धगोल ओंडका, बरोबर मध्यभागी. बाकी मोकळं मैदान. एका टोकाला बाहेरून तळाच्या काचेला हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, चिकटवलेली, थेट प्लगमध्ये, मध्ये तापमान आवरणारा थर्मोस्टॅट नाही. त्याच बाजूला वर लाल बल्ब, रात्रंदिवस चालू. आतल्या काचेवर बऱ्याच उंचीवर गोल तबकडीचा थर्मामीटर, आणि तो दाखवत होता ७६ अंश फॅरनहाइट. बाबा म्हणाले, “तापमान तर बरोबर आहे ना?”

लांबूनच तापमान मोजणारी इन्फ्रारेड टेम्परेचर गन काढून मी मॅटवरचा भुसा बोटाने बाजूला केला आणि काचेचं तापमान घेतलं. ११८ अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळपास ४८ सेल्सिअस. मग दुसरं टोक, खिडकीकडचं. ६७, म्हणजे १९-२० सेल्सिअस. रात्री घरातलं हीटिंग कमी करतात तेव्हा ते आणखी उतरत असणार. मधल्या ओंडक्याखाली ७०. कॉर्न स्नेकला ऊबदार टोकाला ८५ ते ८८ आणि गार टोकाला ७५ च्या आसपास लागतं. त्याला मानवेल असं तापमान या टँकमध्ये जमिनीलगत कुठेच नव्हतं. एका बाजूला तापलेला तवा, उरलेला सगळा गारठा. भिंतीवरची तबकडी खोटं बोलत नव्हती. ती फक्त फूटभर वरच्या हवेचं तापमान सांगत होती, आणि गाजर राहायचा भुशाखाली, तळाच्या काचेला चिकटून.

खरं तर निदान आजींनी आधीच केलं होतं. मी आकडे लिहीत असताना त्या म्हणाल्या, “तो ऊब सोडून दिवसभर त्या खिडकीकडच्या कोपऱ्यात का बसतो गं? मला आल्यापासून हेच नवल वाटतंय.” घरात गाजरकडे दिवसभर बघायला वेळ असलेलं माणूस त्या एकट्याच होत्या. त्यांचं माहेर शिराळ्याचं. सापाची भीती वाटत नव्हती, फक्त त्याला दूध का देत नाही हे त्यांना कळत नव्हतं. साप उंदीर खातो, पितो फक्त पाणी, आणि दूध त्याला पचत नाही. हे सांगितल्यावर म्हणाल्या, “मग आमच्याकडे बिचारे नाइलाजाने पीत असतील.” तसंच होतं. तहानलेला साप समोर येईल ते ओलं तोंडात घेतो.

आता हकिगतीचे धागे जुळवता येतात. सापाच्या शरीरात स्वतःची पुरेशी उष्णता तयार होत नाही. पचनाला लागणारी ऊब तो बाहेरून घेतो, आणि पोट भरलेलं असताना त्याची गरज जास्तच असते. गाजरने अंगाच्या मानाने फार मोठा घास गिळला. मॅटवर जाऊन बसणं शक्य नव्हतं, म्हणून तो थंड कोपऱ्यात गेला. तिथे पचन चालेना, गिळलेलं पोटात कुजायला लागलं आणि त्याने ते बाहेर टाकलं. ओकताना नुसतं अन्न जात नाही. पोटातला पाचक रस आणि अंगातलं पाणीही जातं, आणि अन्ननलिका दुखावते. चार दिवसांत पुन्हा घास पुढे केला की पिल्लू एकतर नाकारतं किंवा पुन्हा ओकतं. दुसऱ्यांदा ओकणं हे पहिल्यापेक्षा फार वाईट. त्यामुळे गाजरने पिंकी नाकारली याला मी आजार मानत नाही. त्या परिस्थितीत त्याने केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट तीच होती.

त्यात उघडं मैदान आणि रोजची हाताळणी. रानात या आकाराच्या पिल्लाला पक्ष्यापासून बेडकापर्यंत कुणीही खाऊ शकतं, म्हणून लपून राहणं हाच त्याचा दिवसभराचा उद्योग असतो. इथे लपायला ओंडका एकच, तोही गार. ऊब हवी तर आडोसा सोडायचा आणि आडोसा हवा तर ऊब सोडायची. पिल्लाला मोठा टँक मानवत नाही असं पुष्कळ जण सांगतात. मला ते पटत नाही. मोठा टँक पानं, फांद्या, सालपटं, खोकी यांनी गच्च भरला तर पिल्लू त्यात मजेत राहतं. बाधतं ते रितेपण.

तरीही उपचारापुरतं मी गाजरला छोट्या जागेत हलवायला सांगितलं, कारण लहान जागेतलं तापमान ताब्यात ठेवणं सोपं. सुमारे १५ लिटरचा झाकणाला पक्क्या कड्या असलेला प्लॅस्टिकचा डबा, बाजूंना हवेसाठी भोकं, आत तीन इंच भुसा, दोन्ही टोकांना सारख्या आकाराच्या लपायच्या जागा आणि पाण्याची जड वाटी. लपायची जागा सापाच्या अंगाला चहूबाजूंनी टेकेल इतपतच मोठी हवी. प्रशस्त गुहा माणसाला छान दिसते, सापाला त्यात सुरक्षित वाटत नाही. डबा आतल्या खोलीत, खिडकीपासून लांब. लाल बल्ब काढून टाकला, त्याने दिवस-रात्रीचा हिशेब बिघडतो. मॅट डब्याच्या एक तृतीयांश भागाखाली आणि तिच्यामागे थर्मोस्टॅट.

थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, मी मॅट आणि डब्याचा तळ यांच्या मध्ये, बाहेरून चिकटवायला लावते. आत ठेवला तर साप तो सरकवतो किंवा त्यावर पाणी सांडतं. मग थंड झालेला प्रोब मॅटला “आणखी ताप” म्हणत राहतो. बाहेरचा आकडा आणि आतला आकडा एकच नसतो, म्हणून आत भुशाखाली गन धरून ८६ येईपर्यंत थर्मोस्टॅटचा आकडा थोडा थोडा बदलत गेलो. त्यांच्या घरी तो ९१ वर स्थिरावला. दुसऱ्या घरात वेगळा येईल.

गाजरच्या पोटाकडची खवलं मी उजेडात नीट पाहिली. भाजल्याची खूण नव्हती. खालून येणारा चटका सापाला वेळेत जाणवेलच असं नसतं आणि थर्मोस्टॅट नसलेल्या मॅटवर पोट भाजलेले साप मी पाहिले आहेत. शंभर डॉलरचा साप घेणारा माणूस तीस-चाळीस डॉलरच्या थर्मोस्टॅटला “नंतर बघू” म्हणतो, याचा मला आजही राग येतो. खरेदीच्या यादीत पहिली वस्तू तीच हवी, सापाच्याही आधी.

मग सक्तीची विश्रांती. ओकल्यावर किमान दहा ते चौदा दिवस पोटाला आराम द्यायचा असा प्रघात आहे. इथे महिना उलटून गेला होता, तरी नव्या जागेत रुळायला मी आणखी आठ दिवस थांबायला सांगितलं. हात लावायचा नाही, डोकावायचं नाही. एक्झॉटिक, म्हणजे कुत्र्या-मांजरांपलीकडच्या, प्राण्यांच्या डॉक्टरांकडे मात्र नेलं, कारण वजन साडेसात ग्रॅमवर आलं होतं. विष्ठेची तपासणी झाली, जंत निघाले नाहीत. वारंवार ओकणं, अंगाच्या मध्यावर गाठीसारखी सूज, तोंडातून बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, यातलं काही असतं तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवायचा नव्हता.

मुलाला हे दिवस जड गेले. त्याला मी वही घालायला लावली: सकाळ-संध्याकाळचं दोन्ही टोकांचं तापमान, आर्द्रता, आणि आठवड्यातून एकदा ग्रॅममध्ये वजन. दाग-दागिन्यांसाठी मिळतो तसला छोटा वजनकाटा त्याच्याकडे होता. साप हातात घेण्यापेक्षा हे काम मोठं आहे असं त्याला वाटायला लागलं, आणि ते आहेही.

दरम्यान घरात वेगळंच वादळ. आई शाकाहारी. फ्रीजरमध्ये खोवलेल्या नारळाशेजारी उंदरांची पाकिटं बघून तिने आधीच हात टेकले होते. साप आणण्याआधी बोलायचा विषय हा, आणि मराठी घरांत नेमका तोच राहून जातो. बेसमेंटमध्ये एक छोटा फ्रीजर आला. वितळवायची वाटी, चिमटा, टॉवेल सगळं वेगळं, आणि स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये काहीही धुवायचं नाही. हा सोवळ्याओवळ्याचा प्रश्न नाही. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतूनही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जीवाणू पसरू शकतो. अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र, म्हणजे सीडीसी, पाच वर्षांखालची मुलं असलेल्या घरात सरपटणारे प्राणी नकोत असा सल्ला देतं. इथे धाकटी तीन वर्षांची होती, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी साप ठेवायचं ठरवलं, पण डबा कुलूप लागणाऱ्या खोलीत, धाकटीने हात लावायचा नाही आणि बाकी सगळ्यांनी प्रत्येक वेळी साबणाने हात धुवायचे, या अटींवर.

पहिलं जेवण डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत झालं. पाकिटातली सगळ्यात लहान पिंकी, जेमतेम ग्रॅमभराची, आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळायला ठेवलेली. संध्याकाळी ती झिपच्या पिशवीत बंद करून गरम पाण्यात दहा मिनिटं. मायक्रोवेव्ह नाही, आतून शिजते आणि फुटते. गनवर तिच्या पाठीचं तापमान १०० फॅरनहाइटच्या जवळ आलं, तेव्हा कागदाने कोरडी केली. आम्ही चिमट्याने नाचवून दाखवण्याच्या भानगडीत पडलो नाही, घाबरलेलं पिल्लू त्याने आणखी मागे सरतं. दही मिळतं तसल्या छोट्या प्लॅस्टिकच्या कपात पिंकी ठेवली, त्यातच गाजरला अलगद सोडलं, भोकं पाडलेलं झाकण लावलं आणि कप ऊबदार टोकाला डब्यातच ठेवून दिवा मालवला. साप संध्याकाळनंतर हालचाल करणारा, त्याला अंधारच हवा. दोन तासांनी मुलाने झाकणातून टॉर्च न लावता, जिन्यातल्या उजेडात पाहिलं. कप रिकामा होता आणि गाजरच्या अंगाच्या मध्यावर हरभऱ्याएवढा फुगवटा. कप उघडून आडवा केला, तो आपणहून ऊबदार लपणात शिरला.

तिसरा दिवस सगळ्यांनी श्वास रोखून काढला. काही बाहेर आलं नाही. पुढची दोन जेवणं अशीच ग्रॅमभराची, मध्ये आठ-नऊ दिवस सोडून. चौथ्या वेळी नेहमीच्या आकाराची पिंकी. सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाइतकी किंवा किंचित जास्त जाडी, हा घासाचा अंदाज ठेवला तर चार ग्रॅमची फझी नऊ ग्रॅमच्या सापासमोर येत नाही. पिल्लाला पाच ते सात दिवसांनी आणि मोठ्या सापाला दहा ते चौदा दिवसांनी जेवण पुरतं. तीन जेवणं पचल्यावर मुलाला हाताळायची परवानगी मिळाली: आठवड्यातून दोनदा, पाच-दहा मिनिटं, जेवणानंतर ४८ तास सोडून.

जानेवारीत कातीची अडचण आली. गाजरचा रंग मळकट झाला, डोळ्यांवर दुधाळ पापुद्रा आला. तो निवळला, पण कात निघाली ती तुकड्यातुकड्यांत. घर गरम ठेवणारी भट्टी चालू असल्यामुळे घरातली हवा कोरडी ठणठणीत, आर्द्रता २० टक्क्यांवर. कॉर्न स्नेकला ४० ते ६० टक्के हवी. कोमट, उथळ पाण्यात वीस मिनिटं ठेवलं आणि मग ओलसर फडक्याच्या घडीतून त्याला सरकू दिलं. बाकीची कात त्यातच उतरली. शेपटीचं टोक मुद्दाम तपासलं, कारण तिथे कातीचं कडं राहिलं तर रक्तपुरवठा तुटून टोक झडतं. डोळ्यांवरचे कातीचे पापुद्रे निघाले होते. राहिले असते तर चिमट्याने ओढायचे नाहीत, पुढच्या कातीची वाट बघायची किंवा डॉक्टर गाठायचा. नंतर डब्यात एक ओलं लपण ठेवलं: झाकणाला भोक पाडलेला छोटा डबा, आत पिळून घेतलेलं स्फॅग्नम मॉस, म्हणजे ओल धरून ठेवणारं शेवाळ. फेब्रुवारीतली कात अखंड निघाली, डोळ्यांवरच्या पापुद्र्यांसकट. मुलाने ती वहीत चिकटवली.

एप्रिलमध्ये वजन १६ ग्रॅम. जुना टँक परत वापरात आला, झाकणाला चारही बाजूंनी क्लिपा, जाळीचा निम्मा भाग ओल टिकावी म्हणून झाकलेला, चार इंच भुसा आणि आत पाय ठेवायला जागा नाही इतका पसारा. सीडर किंवा पाइनचा भुसा मात्र नको, त्यातली तेलं सापाच्या श्वसनाला बाधतात. हा टँक अजून वर्ष-दोन वर्षं पुरेल. मोठ्या सापाला किमान चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच घर द्यावं असं आता पाळणारे मानतात, कारण हा साप चढतोही आणि ताणून पसरतोही. बाबांनी तेवढी भिंत मोजून ठेवली आहे.

आजींनी परत जाताना विचारलं की शिराळ्याच्या नातवाला असाच एखादा पाळता येईल का. आपल्याकडची धामण किंवा दिवड घरात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, बिनविषारी असली तरी. अमेरिकेतही सगळीकडे मोकळीक नाही. हवाईत कुठलाच साप पाळता येत नाही, आणि न्यू जर्सीत रानातला कॉर्न स्नेक राज्याच्या संकटग्रस्त यादीत आहे. घेण्याआधी आपल्या राज्याचा नियम आणि भाड्याचं घर असेल तर घरमालकाचा करार, दोन्ही वाचावेत.

आता प्रश्न आहे उन्हाळ्याचा. जुलैत सगळे सहा आठवडे भारतात जाणार आहेत. मोठा कॉर्न स्नेक दोन आठवडे उपाशी राहिला तर बिघडत नाही, पण पाणी दोन दिवसांआड बदलावंच लागतं, आणि घर बंद करताना एसी बंद केला तर शिकागोच्या उन्हाळ्यात टँक तापतो. गाजरला तर दर आठवड्याला घास हवा. उंदीर बघून किंचाळणार नाही असा शेजारी त्यांना अजून सापडलेला नाही. तोवर गाजर, त्याचा थर्मोस्टॅट आणि मुलाची वही माझ्याकडे येणार असं ठरलं आहे. वहीत मी रोज आकडे लिहायचे आणि त्याचा फोटो पाठवायचा, ही अट मुलाने घातली आहे.